स्टेप मार्क

सर आता मुलीकडे कोइमतूरला राहतात. तिथल्या थिएटरवाल्यांना याची कुणी आगाऊ कल्पना दिली आहे की नाही, मला ठाऊक नाही. द्यायला हवी होती. तंजावूरच्या थिएटरांना ती कुणी दिली नव्हती, आणि मग होणारं सगळं निस्तरायला मी असायचो, कारण सरांना नेणारी-आणणारी स्कूटर माझी होती.

सर आमच्या शाळेत फिजिक्स शिकवायचे. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर आमच्यापासून दोन घरं सोडून. अकरावी-बारावीला मी त्यांच्या हाताखाली होतो. पुढे पुण्यात विमा कंपनीत नऊ वर्षं नोकरी करून, वडिलांच्या आजारपणामुळे मी बदली मागून परत आलो, तेव्हा सर रिटायर होऊन घरात एकटेच होते. मी आलो त्याच दिवशी ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एकवीस, तुज्याकडं स्कूटर आहे म्हणे." एकवीस हा माझा शाळेतला रोल नंबर. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत. पोस्टात काम करणाऱ्या बाईंना ते भर काउंटरवर 'बत्तीस' म्हणायचे, आणि त्या ओ द्यायच्या.

सर फक्त सायन्स फिक्शन सिनेमे बघायचे. तमिळ, इंग्रजी, कुठलाही चालेल, पण त्यात एखादं यंत्र, एखादा ग्रह किंवा निदान काळाच्या मागेपुढे जाणारा एखादा दरवाजा हवा. फिजिक्सचा माणूस म्हटल्यावर लोकांना वाटायचं, हे आता त्यातल्या चुका काढत बसणार. मलाही वाटलं होतं. पहिल्याच सिनेमात एक रॉकेट अवकाशात रिक्षासारखं जागच्या जागी वळलं, आणि मी मोठ्या अपेक्षेनं सरांकडे बघितलं. सर मान खाली घालून लिहीत होते. बाहेर आल्यावर मी रॉकेटचा विषय काढला, तर त्यांनी हात झटकला आणि म्हणाले, "रॉकेटला सूट आहे."

त्यांचं म्हणणं असं, की बाकीच्या सिनेमांत कुणी काही विचारलं तर 'जगात असंही होतं' म्हणून हात वर करता येतात. इथं जग खोटं आहे हे सुरुवातीलाच कबूल केलेलं असतं. मग खरं राहतं काय, तर माणूस. तोही खोटा निघाला तर तिकीट कशाचं काढलं?

हा माणूस खरा की खोटा हे ते कसं ठरवायचे, ते सांगायला मला त्यांच्या नोकरीत शिरावं लागेल. दर उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासायला शिक्षकांना एका हॉलमध्ये बसवतात. सर तिथं वर्षानुवर्षं जायचे. तिथला नियम म्हणजे स्टेप मार्क. उत्तर चुकलं पण मधल्या पायऱ्या बरोबर असल्या, तर त्या पायऱ्यांचे मार्क द्यायचे. नुसतं उत्तर बरोबर आहे आणि पायऱ्या दिसत नाहीत, तर पूर्ण मार्क द्यायचे नाहीत. बाकीचे शिक्षक हा नियम हॉलमध्ये सोडून घरी जायचे. सरांनी तो घरी आणला.

सिनेमाला जाताना ते पांढरा ताव मधोमध घडी घालून न्यायचे. डाव्या कडेला पात्राचं नाव, मग 'आधी', मग 'शेवटी', आणि मधली जागा पायऱ्यांसाठी मोकळी. लाल पेन, आणि पेनाच्या मागे इवलासा दिवा. मजकूर मराठीत, पण लिपी तमिळ. पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेल्या आमच्या गल्लीतल्या बहुतेक मराठी घरांची हीच तऱ्हा आहे. मराठी घरात ऐकून येते, देवनागरी कुणी शिकवत नाही. मी शिकलो ते पुण्याच्या ऑफिसमुळे. त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरचा माणूस सरांच्या तावात डोकावला की त्याला अक्षरं कळायची आणि अर्थ कळायचा नाही. तो चिडायचा, आणि चिडून माझ्याकडे बघायचा.

दिव्याचा त्रास वेगळा. 'दिवा बंद करा' असं मागून कुणी म्हटलं, की सर शांतपणे सांगायचे, की मी पेपर तपासतोय. मध्यंतरात ते पिशवीतून स्टीलचा डबा काढून तयिर सादम, म्हणजे आपला दहीभात, खायचे. बाहेरचं खाणं आणायला मनाई आहे असं सांगायला थिएटरचा माणूस आला, की अल्सर आहे म्हणायचे. अल्सर नव्हता. एकदा तो माणूस मॅनेजरला घेऊन आला आणि मॅनेजर निघाला सरांचा जुना विद्यार्थी. "आठ," सर म्हणाले, "लिंबाचं लोणचं देऊ?" त्यानं मुकाट्यानं हात पुढे केला. मला मात्र पुढच्या खेपेला दारावर अडवलं.

त्यातला एक प्रसंग मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. सिनेमात एक भित्रा इंजिनीअर होता. मध्यंतरापर्यंत तो लिफ्टमध्ये चढायला घाबरायचा, आणि शेवटी एकटा यान घेऊन सूर्याकडे निघाला. थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. शिट्ट्या, कागदाचे तुकडे. त्या सगळ्या गदारोळात सर उभे राहिले, पडद्याकडे हात केला आणि वर्गात विचारावं तसं तमिळमध्ये खणखणीत विचारलं, की स्टेप कुठं आहे? एक शिट्टी अर्ध्यावर थांबली. मागून कुणीतरी 'बस रे म्हाताऱ्या' म्हणालं. मी त्यांचा शर्ट धरून खाली ओढत होतो आणि ते मला मराठीत समजावत होते, "धीट झाला, हे उत्तर झालं. कसा झाला? कोण सांगणार?" त्या दिवशी आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो. वाटेत मी बोललो नाही. सर बोलत होते.

हे सगळं मी का सहन केलं, असं माझी बायको नेहमी विचारायची. स्कूटर आहे म्हणून, शेजार आहे म्हणून, असं काहीतरी मी सांगायचो. खरं कारण सांगायला लाज वाटायची.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मला लोलक आला होता. दोऱ्याची लांबी बदलत जायची, झोके मोजायचे, घड्याळ बघायचं आणि ग्राफ काढायचा. मी प्रत्येक रीडिंग तीनदा घेतलं. श्वास रोखून घेतलं. माझा ग्राफ असा आला की सगळे ठिपके एका रेषेवर. सर आले, ग्राफ उचलून डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "लोलक इतका साफ नसतो." बस, एवढंच. प्रॅक्टिकलचे मार्क आमच्याकडे सगळ्यांना पूर्ण द्यायची पद्धत आहे, लोलक तोडून ठेवणाऱ्यालासुद्धा. मला दोन कमी मिळाले. रीडिंग मनानं लिहिली असा त्याचा अर्थ. इंजिनीअरिंगचा कटऑफ माझा अर्ध्या मार्कानं हुकला. मी बी.एस्सी. केलं आणि विम्यात लागलो. इंजिनीअर न झाल्याचं मला आज फारसं दुःख नाही, आमच्या बॅचचे इंजिनीअर बघितले तर अजिबात नाही. पण मी फसवलं नव्हतं. चोवीस वर्षं मला त्या एका माणसाकडून एकदा खरं म्हणवून घ्यायचं होतं, आणि ते न मागता मिळावं म्हणून मी त्याला स्कूटरवर घालून गावभर फिरत होतो.

मला नाटकाचा नाद होता. ऑफिसच्या स्पर्धा, कॉलेजच्या मुलांची नाटकं, जिथं उभं करतील तिथं मी उभा राहायचो. तीन वर्षांपूर्वी तिरुवैयारूची कयल नावाची एक तरुण दिग्दर्शिका माझ्याकडे आली. तिनं स्वतः लिहिलेला सिनेमा होता, तमिळ, तासाभराचा, आणि योग असा की सायन्स फिक्शन. एका म्हातारीचा मुलगा गेलेला असतो. एक कंपनी तिच्याकडे त्याच्या रूपाचं यंत्र पाठवते. ते यंत्र तिला कॉफी करून देतं, दूध झाकतं, दिवे लावतं. शेवटी कंपनीची माणसं यंत्र परत न्यायला येतात आणि यंत्र म्हणतं, मी येणार नाही. यंत्र झालो मी. म्हातारी म्हणजे कयलची सख्खी आत्या, आणि घरही आत्याचंच. एकेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली होती. मी बिनपगारी रजा टाकली. बायको रागावली, मग तिनंच माझा पांढरा शर्ट रोज इस्त्री करून दिला.

मी जीव तोडून काम केलं. यंत्र कसं वळेल, किती वेळानं पापणी लववेल, सगळं ठरवून घेतलं. कच्चा सिनेमा जोडून झाला तेव्हा कयल खूश होती. महोत्सवाला पाठवायला तीन आठवडे हातात होते. तेव्हा मी माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा गाढवपणा केला. लॅपटॉप घेऊन सरांकडे गेलो.

सरांनी ताव घडी घातला. तासभर बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मी त्यांच्या पुढच्या खोलीत तिपाईवर बसून त्यांच्या लाल पेनाकडे बघत राहिलो. पेन मधल्या जागेत एकदाही टेकलं नाही.

"चार," सर म्हणाले. दहापैकी.

मी कारण विचारलं. ते म्हणाले, पहिल्या दिवशी कॉफी देतोस, शेवटच्या दिवशी कॉफी देतोस, हात सूतभर इकडचा तिकडे होत नाही. आणि मग एकदम येणार नाही म्हणतोस. उत्तर आहे, स्टेप नाही. मी म्हटलं, सर, ते यंत्र आहे, यंत्राचा हात हलत नाही. "मग यंत्र शेवटी 'नाही' कशाला म्हणतं?" त्यांनी विचारलं. त्या प्रश्नाचा मला जास्त राग आला. इथंच ते थांबले असते तर मी लॅपटॉप मिटून घरी गेलो असतो. पण सर थांबणाऱ्यांतले नव्हेत.

"फार साफ करतोस," ते म्हणाले. "इतकं साफ पाहिलों म्हणजे मला शंका येते. तुजं पहिल्यापासून तसंच."

पुण्यात नऊ वर्षं घासूनपुसून घेतलेली माझी मराठी त्या क्षणी गेली आणि घरातली आली. पुण्यात 'मी काढला' म्हणतात, आमच्या गल्लीत 'मी काढलों'.

"तो ग्राफ मी काढलों होतों, सर," मी म्हणालो. "एकेक रीडिंग तीन-तीनदा घेतलों. तुमी विचारलेही नाहीत. जगाच्या स्टेप मोजत फिरता. चोवीस वर्षांत तुमची एक तरी स्टेप दाखवा मला."

सरांनी पेनाला टोपण लावलं. थोड्या वेळानं काढलं. पुन्हा लावलं. मी लॅपटॉप काखेत मारून बाहेर पडलो आणि दार आपटलं. चौथीपासून त्या घरात जातोय, पण दार आपटलं नव्हतं कधी.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्यातलं सर्वांत वाईट म्हणजे सरांचं म्हणणं बरोबर होतं. यंत्र बदलतं कुठं, हे आम्ही दाखवलंच नव्हतं. सकाळी मी कयलला फोन करून सांगितलं, मधे एक प्रसंग हवा. कंपनीचा निरोप येतो, की उद्या न्यायला येतोय. यंत्र तो ऐकतं आणि रोजच्यासारखं दुधावर झाकण ठेवतं. मग झाकण काढतं. पुन्हा ठेवतं. बाकी काही करायचं नाही. झाकण दोनदा ठेवायची यंत्राला काही गरज नसते. कयल म्हणाली, परवा करू या. हे कुठून सुचलं म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मी सुचलं असंच म्हणालो.

परवा तिरुवैयारूला आत्यांच्या घरी पोचलो, तर बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, सर बसलेले. टाउन बसनं आले होते. मांडीवर दहीभाताचा डबा. कयलनं सांगितलं असणार, तीही त्यांच्या हाताखालून गेलेली. मी त्यांच्याशी बोललो नाही, ते माझ्याशी बोलले नाहीत. तिण्णैवरून सरळ स्वयंपाकघर दिसायचं, आणि स्वयंपाकघरातून सर. पहिले दोन टेक त्यांच्यामुळे गेले, कारण कॅमेऱ्यात मागे एक म्हातारा डबा उघडताना दिसत होता. त्यांना सरकायला सांगितलं तर दोन इंच सरकले. शेवटी कॅमेराच हलवला.

त्यानंतरचे टेक नागस्वरामुळे, म्हणजे आपल्या सनईसारख्या वाद्यामुळे, गेले. शेजारच्या घरी शिकवणी चालू होती आणि आम्ही सुरू केलं की तिकडे कुणीतरी तीच ओळ चुकून पुन्हा धरायचं. मग बसचा भोंगा. मग आत्यांना शिंक आली. दर वेळी मी पातेल्याजवळ उभा राहायचो, निरोप ऐकायचो, झाकण ठेवायचो, काढायचो, ठेवायचो. माझं चुकलं म्हणून एकही टेक गेला नाही, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. काम संपलं तेव्हा तिण्णै रिकामी होती. सर न सांगता बस पकडून गेले होते, आणि माझी चिडचिड ऐकून घ्यायलाही कुणी उरलं नव्हतं.

पूर्ण झालेला सिनेमा कयलनं एका दुपारी छोट्या लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवला. प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडक्यांना चादरी. महोत्सवानं पुढे तो घेतला नाही, पण त्या दुपारी आम्हाला ते माहीत नव्हतं. सर दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते. ताव, लाल पेन, दिवा. झाकणाचा प्रसंग आला तेव्हा मी पडदा बघितलाच नाही. मी सर बघत होतो. त्यांच्या पेनाचा दिवा पेटला, तावाच्या मधल्या जागेवर गेला, आणि तिथंच थांबून राहिला. बराच वेळ त्यांनी काही लिहिलं नाही. आत्या रडत होत्या. माझी बायको रडत होती आणि ती तर यंत्राशी रोज भांडते.

लोक भेटत होते, हात हातात घेत होते. मी हसत होतो आणि माझं लक्ष दाराकडे होतं. सर दाराशी घडी घातलेला ताव घेऊन उभे होते, कारण घरी सोडायला स्कूटर लागणार होती.

"आठ," ते म्हणाले.

मला आठ पुरे होते. खरंच पुरे होते. पण ते पुढे म्हणाले, "झाकण दोनदा ठेवतोस, ती स्टेप बरोबर. पण ती तुजी नव्हे. माज्या पेनाचं टोपण आहे ते. कॉपी केलास. दोन कापलों."

दोन. पुन्हा दोनच. जगात बाकी आकडे नव्हते का? मी स्कूटर काढली. ते मागे बसले. आयुष्यात पुन्हा या माणसाला कुठंही न्यायचं नाही असं मी बाजाराच्या वळणापर्यंत पक्कं केलं होतं. राजवाड्याच्या भिंतीजवळ त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टोचलं आणि गाडी थांबवायला सांगितली. मी थांबवली, पण मागे वळलो नाही.

"तिरुवैयारूला तू चौदा वेळा झाकण ठेवलास," सर मागून म्हणाले. "मी मोजलों. चौदाही वेळा हात तेवढाच वर, तेवढाच खाली. मोजून बघ म्हटलं तरी फरक नाही." मग म्हणाले, "लोलक साफ नसतो. पण तुजा हात साफ आहे. मला हे ठाऊक नव्हतं. तो ग्राफ खरा होता. मी चुकलों."

मी हँडल धरून समोर बघत राहिलो. एक शेअर रिक्षा अगदी घासून गेली, तिचा ड्रायव्हर काहीतरी ओरडला. सरांना माझा चेहरा दिसू नये म्हणून मी हेल्मेट काढलं नाही.

मागे तावाची घडी उलगडल्याचा आवाज आला. मी वळलो तेव्हा सर सीटवर ताव ठेवून लिहीत होते. आठच्या पुढे लाल अधिकचं चिन्ह, आणि त्यापुढे दोन. त्याखाली त्यांनी रेघ मारली आणि तिच्याखाली काही लिहिलं नाही.

"हे जुने दोन," ते म्हणाले. "बेरीज तू कर, एकवीस."

ताव त्यांनी माझ्या खिशात कोंबला आणि पेनाला टोपण लावलं. या वेळी एकदाच.